लाखेची खूण

कै. चिंतामणी दिनानाथ मानकर यांचा जन्म १९११ साली ठाकूरद्वारच्या ज्या वाडीत झाला, त्याच वाडीत, त्याच इमारतीत आणि त्याच मजल्यावर १९७३ साली त्यांचे निधन झाले. मधल्या काळात त्यांनी केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरी केली, हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले, पत्नी लीला यांच्यासह नेटका संसार केला आणि नलू या एकुलत्या एका कन्येला वाढवले. त्यांच्या पणजोबांच्या मालकीची गिरगावात दोन घरे होती असे सांगत. चिंतामणरावांच्या वाट्याला भाड्याच्या दोन खोल्या आणि एक गॅलरी आली. मी त्यांच्या शेजारच्या बिऱ्हाडात राहत असे. पुढील हकिकतीचा काही भाग मी पाहिलेला आहे आणि उरलेला त्यांनी मला स्वतः सांगितलेला आहे.

चिंतामणराव भित्रे होते. हे मी निंदा म्हणून लिहीत नाही. ते स्वतःच तसे सांगत. साहेबाच्या टेबलावरची घंटी वाजली की ते हातातली लेखणी टाकून उभे राहत. रस्त्यात पोलिसांची निळी गाडी दिसली की ते काही कारण नसताना दुसऱ्या फुटपाथवर जात. परंतु सर्वांत मोठी भीती त्यांना विजेची होती, आणि त्यांचा छंद मात्र रेडिओ व अँप्लिफायर दुरुस्त करण्याचा होता. या विसंगतीबद्दल मी एकदा विचारले तेव्हा ते म्हणाले, “वीज घरात शिरलेलीच आहे. तिच्याकडे पाठ करून बसण्यापेक्षा समोर बसून भ्यावं, हे बरं.”

तरुणपणी एका रेडिओच्या पत्र्याला त्यांचे दोन्ही हात चिकटले होते. वडिलांनी लाकडी पाट मारून त्यांना सोडवले. डाव्या तळव्यावर एक पांढरट वण कायमचा राहिला. तेव्हापासून चालू यंत्रात हात घालताना ते डावा हात खिशात ठेवीत. वीज एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडली, तर वाटेत काळीज लागते, एवढे त्यामागचे शास्त्र होते. यंत्र बंद केल्यावरही ते लगेच हात लावीत नसत. आतल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, ती निवेपर्यंत ते गॅलरीत जाऊन उभे राहत आणि लीलावहिनींना आतून विचारावे लागे, “अहो, यंत्र निजलं का? मग जेवायला या!”

१९५५ च्या अखेरीस या घरात गिटारचा अँप्लिफायर आला. नलू तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होती आणि मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाई गिटार शिकत होती. तिचा हात फार गोड होता. धोबीतलावच्या एका बँडमधले वादक देश सोडून चालले होते. त्यांच्याकडून चिंतामणरावांनी तो काचेच्या व्हॉल्व्हचा छोटा अमेरिकन अँप्लिफायर घेतला. पहिल्या दिवशी नलूने एक भैरवी वाजवली आणि तारांवरून फिरवायची पोलादी कांडी खाली ठेवून ती वडिलांना म्हणाली,

“भाऊ, हा नाकात बोलतो.”

“सर्दी झाली असेल,” लीलावहिनी म्हणाल्या. “बोटीवरून आलाय ना.”

“चेष्टा नको गं आई. मींड घेतली की तार ओरडते. मला माणसाच्या गळ्यासारखा आवाज हवाय.”

चिंतामणरावांनी मागची फळी काढून आत पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. ते यंत्र स्वस्तातल्या पद्धतीचे होते. घरातल्या विजेपासून यंत्राला अलग ठेवणारा ट्रान्स्फॉर्मर त्यात नव्हता. विजेच्या दोन तारांपैकी एक सरळ यंत्राच्या पत्र्याला जोडलेली होती. गिटारच्या तारा त्याच पत्र्याला जोडलेल्या. प्लगला दोन सारख्या पिना. प्लग एका बाजूने खोचला तर पत्र्याला विजेची मेलेली, म्हणजे न्यूट्रल, तार मिळे आणि सारे निर्धोक असे. तोच उलटा खोचला तर जिवंत तार मिळे, आणि गिटारच्या प्रत्येक तारेत घरची पूर्ण वीज उभी राही. आवाजात फारसा फरक पडत नसे. वाजवणाऱ्याला कळण्याचे साधन नव्हते.

“हे आपण परत करू,” ते म्हणाले.

“ते लोक बोटीत बसले भाऊ.”

दोन्ही अडचणींवर एकदम उपाय करायचे त्यांनी ठरवले. काम हाती घेतले तो जानेवारी १९५६ चा तिसरा आठवडा होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी घोषणा झाली आणि गिरगाव पेटले. संचारबंदी लागली. कचेरी बंद, दूध नाही, खिडक्यांना आतून गाद्या लावलेल्या. भरदुपारी रस्त्यावर धावणाऱ्या पावलांचा आवाज येई, मग शिट्या, मग गोळीबार. चिंतामणराव गॅलरी सोडून आतल्या खोलीत, कपाटाच्या आड, पाटावर यंत्र मांडून बसले होते. मी त्यांच्यापाशी होतो. एकट्याने घरात बसवत नव्हते.

एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे आवाज नेणारा कंडेन्सर फार लहान होता. खर्ज त्यातून जातच नव्हता. तो काढून त्यांनी मोठा घातला. तीव्र स्वरांची धार मारण्यासाठी आणखी एक कंडेन्सर आडवा लावला. शेवटी बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश मागे आणून आधीच्या व्हॉल्व्हला परत दिला. “स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू आलं की माणूस जरा बेतानं बोलतो,” असे त्यांनी मला समजावले. या जोडणीत योग्य तेवढा अंश किती, हे यंत्र चालू ठेवूनच ठरवावे लागते. उजव्या हाताने ते एकेक रेझिस्टन्स टेकवून पाहत होते, डावा हात खिशात होता आणि नलू मंद आवाजात एकच सूर छेडत होती.

तेवढ्यात आमच्या नाक्यावरच गोळी झाडली गेली. भिंत हादरल्यासारखी वाटली. नलू किंचाळली. चिंतामणरावांचे सारे अंग उडाले. पण डावा हात खिशातून बाहेर आला नाही. उजवा यंत्राच्या आतल्या उघड्या, जिवंत जोडणीला टेकलेला होता. डावा जर आधारासाठी शेजारच्या लोखंडी कपाटावर गेला असता तर काय झाले असते, हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळले. त्यांनी यंत्र बंद केले. खाली कोणीतरी कोणाचे तरी नाव घेऊन रडत होते.

संचारबंदी उठल्यावर त्यांनी लोहार चाळीतल्या वीजसामानाच्या बाजारातून अलगपणाचा ट्रान्स्फॉर्मर बनवून आणला आणि यंत्राच्या पेटीतच बसवला. आता पिना कशाही खोचा, भय नाही. परंतु त्या ट्रान्स्फॉर्मरची घरघर गिटारच्या तारांखालच्या, सूर टिपणाऱ्या चुंबकात शिरू लागली. गोड झालेल्या आवाजाखाली भुंगा बसल्यासारखे वाटे. नलूने दोन दिवस सहन केले.

“भाऊ, एवढं सगळं केलंत, आणि हा भुंगा?”

“भुंगा चावत नाही नलू.”

“मग मी वाजवतच नाही. आपण भुंग्याचंच गाणं ऐकू.”

त्यांनी ट्रान्स्फॉर्मर काढला. आयुष्यात एवढी एकच सवलत मी दिली, असे ते पुढे म्हणत. त्याच्या जागी त्यांनी दोन नियम घातले. पहिला नियम लाखेचा. प्लगच्या काळ्या अंगावर, ज्या बाजूने खोचला असता यंत्र निर्धोक राहते त्या बाजूला, कचेरीतल्या लिफाफ्यांवर लावतात तशा तांबड्या लाखेचा एक थेंब त्यांनी पाडला. खूण वर ठेवूनच प्लग खोचायचा. पण प्रत्येक घरातल्या तारा एकाच क्रमाने जोडलेल्या असतात असे नाही, म्हणून परक्या ठिकाणी बोर्ड आधी तपासून घ्यायचा. दुसरा नियम असा की, यंत्र चालू केल्यावर गिटारच्या तारांना टेस्टर लावून पाहायचा, आणि त्यातला छोटा दिवा विझलेला आहे याची खात्री झाल्याखेरीज नलूने हात लावायचा नाही.

हा दुसरा नियम पाळायला त्यांना सीताराम बुधाजी गमरे यांची मदत असे. सीताराम डिलाईल रोडच्या चाळीत राहत, लग्नकार्याला आणि सभांना भोंगे भाड्याने देत, आणि त्यांचे अँप्लिफायर दुरुस्तीला चिंतामणरावांकडे येत. त्यातून मैत्री झाली. एकाने प्लगपाशी उभे राहायचे, दुसऱ्याने टेस्टर तारेला लावून ओरडायचे. दिवा लागला नाही तर वायरमन मंडळी “मेली!” असे ओरडतात. पहिल्या दिवशी सीताराम तसे ओरडले आणि चिंतामणराव पांढरेफटक झाले.

“सीताराम, तो शब्द नको. ती माझी मुलगी बसलीय तिथं.”

“अहो भाऊ, तार मेली म्हनतो मी!”

“तरी नको. थंड म्हणा.”

“बरं, थंड. आनि जिवंत असली तर?”

“तर काही म्हणू नका. मला खेचा.”

सीताराम खो खो हसले. “भाऊ, तुमच्यासारका घाबरट मानूस मी उभ्या मुंबईत बगितला नाय. पन तुमच्या हातचा आवाज… काय बोलायचं!” आणि खरोखर, त्या आवाजाबद्दल काय बोलावे हे कोणालाच कळत नसे. नलूने यमन छेडला की जिन्यात माणसे थांबत. दादरला आणि परळला दोन घरगुती बैठका झाल्या. दोन्ही वेळी “थंड!” अशी हाक ऐकल्यावरच चिंतामणराव खुर्चीवर टेकले.

त्या वर्षी वाडीच्या मंडळाने दसऱ्याच्या संध्याकाळी जवळच्या एका हॉलमध्ये समारंभ ठरवला. आधी संयुक्त महाराष्ट्रावर भाषण, नंतर नलूचे गिटारवादन. मंडळाचे चिटणीस अण्णा वेलकर स्वतः सांगायला आले. चिंतामणराव सरकारी नोकर. चळवळीच्या सभेशी आपले नाव जोडले जाईल या भीतीने ते आधी नाही म्हणाले, पण नलूच्या चेहऱ्याकडे पाहून हो म्हणाले. आठवडाभर आधी सीतारामना घेऊन त्यांनी हॉलचा बोर्ड तपासला. खूण वर, यंत्र थंड. सारे ठीक होते.

फक्त दसऱ्याला सीताराम असणार नव्हते. पत्नी मीराबाईंना घेऊन ते धम्मदीक्षेसाठी नागपूरला निघाले होते.

“भाऊ, हा दिवस मी कोनासाठी सोडायचा नाय,” ते म्हणाले.

“सोडूही नका. मी दोन्ही कामं करीन.”

“करा. पन टेस्टर लावल्याबिगर तिला बसवू नका. घाईत काय करू नका.”

“मी कधी घाई केलीय?”

“ती तर पंचाईत आहे,” सीताराम हसत म्हणाले आणि गेले.

आता खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. ज्याचे जे साधन ते धुऊन-पुसून पाटावर मांडतात आणि त्याला हळदकुंकू वाहतात. चिंतामणरावांनी पक्कड, पाने, पेचकस आणि डाग देण्याची इस्त्री पाटावर ठेवली आणि ते कचेरीत गेले. लीलावहिनींना वाटले, उद्या मुलगी ज्याच्या बळावर चारचौघांत बसणार ते यंत्र पूजेतून का वगळावे? त्यांनी अँप्लिफायर ओढून पाटाशी घेतला, पेटी पुसली, प्लगच्या पितळी पिना चिंचेने लख्ख घासल्या. घासताना प्लगच्या अंगावर एक घट्ट चिकटलेला तांबडा डाग दिसला. तो त्यांनी चाकूने खरवडून काढला. मग प्रत्येक वस्तूला कुंकवाचे बोट लावले. प्लगलाही लावले. प्लग ज्या बाजूने हातात आला त्या बाजूला.

संध्याकाळी चिंतामणराव घरी आले, हत्यारांना नमस्कार केला, यंत्राच्या पेटीवरचे कुंकू पाहून त्यांना बरेच वाटले.

दसऱ्याला हॉल भरून माणसे उभी होती. वक्ते तावात होते. रंगमंचाच्या मागे, पडद्याच्या अंधारात, चिंतामणरावांनी प्लग हातात घेतला, वर तांबडी खूण आहे हे पाहिले आणि खोचला. यंत्र चालू करून टेस्टर लावणार, तोच अण्णा वेलकर बोट ओठांवर ठेवून आले.

“मानकर, आत्ता नको! तुमचं ते हूंऽऽ सुरू झालं की वक्ते भडकतील. भाषण संपू दे.”

ते थांबले. टेस्टर वरच्या खिशात होता. नलूला त्यांनी बजावले, “मी सांगेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.” तेवढ्यात एक स्वयंसेवक धावत आला. दाराशी फौजदार उभा होता आणि यंत्र कोणाचे आहे असे विचारत होता.

दाराशी फौजदार आणि एक शिपाई होते. भोंग्याचा परवाना अण्णांच्या नावावर होता आणि तो नियमाप्रमाणे होता; पण फौजदाराला आणखी माहिती हवी होती.

“नाव?”

“मानकर. चिंतामणी दिनानाथ.”

“धंदा?”

“सरकारी… केंद्र सरकारच्या नोकरीत आहे.”

“अस्सं! सरकारचा पगार, आणि संध्याकाळी सरकारला शिव्या?”

“माझा भाषणाशी संबंध नाही साहेब. माझी मुलगी गिटार वाजवणार आहे.”

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. भाषण संपले होते. अण्णांचा आवाज भोंग्यातून आला: आता कुमारी नलिनी मानकर. चिंतामणराव वळू लागले, तसा फौजदाराने त्यांच्या कोटाची बाही धरली.

“थांबा. हात दाखवा.”

त्यांनी हात पुढे केला. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचे बोट तांबडे झालेले होते. त्या दिवसांत भिंतींवर घोषणा रंगवणारी मुले अशाच हातांनी पकडली जात.

“हा रंग कसला?”

चिंतामणरावांनी बोटांकडे पाहिले. “रंग नाही साहेब,” ते म्हणाले. “कुंकू.”

आणि हा शब्द तोंडातून बाहेर पडताच त्यांना समजले. सकाळपासून त्यांनी कोणत्याही हत्याराला हात लावलेला नव्हता. त्यांनी फक्त प्लग खोचला होता. लाख बोटाला लागत नाही. वर ठेवलेली ती खूण लाखेची नव्हती. मग लाख कोठे होती? खालच्या बाजूला होती की मुळीच नव्हती? आतून अँप्लिफायरची हूं सुरू झाली. ती रोजच्याहून जाड होती. वडील येत नाहीत असे पाहून आणि अण्णांनी घाई केली म्हणून नलूने स्वतःच बटण फिरवले होते.

पहिला सूर आला. नलू जिवंत होती, म्हणूनच सूर आला. लाकडी खुर्ची, लाकडी मंच, पायाखाली सतरंजी. विजेला तिच्या अंगातून जमिनीकडे जायला वाट नव्हती. सर्व तारांत वीज उभी होती आणि नलूची बोटे त्यांवरून फिरत होती, आणि काही होत नव्हते. परंतु तिच्या समोर, एका हाताच्या अंतरावर, हॉलच्या भोंग्याचा मायक्रोफोन लोखंडी दांड्यावर उभा होता. तो दांडा जमिनीशी जोडलेला होता. यमन संपला की ती डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवर तशीच ठेवून उजव्या हाताने मायक्रोफोन जवळ ओढणार आणि पुढच्या गतीचे नाव सांगणार, हे घरी ठरलेले होते. ते वाक्य तिने आरशासमोर पाठ केले होते.

ओरडावे, तर ती दचकून आधी मायक्रोफोनच धरील. गर्दीत “पोलीस” या शब्दाची कुजबुज एव्हाना पसरलेली होती. एक आरोळी ऐकली असती तर सारा हॉल दाराकडे लोटला असता. चिंतामणरावांनी फौजदाराकडे पाहिले. “साहेब, मी येतो परत,” असे ते म्हणाले, कोटातून दोन्ही हात काढले आणि पळाले. कोट फौजदाराच्या हातात राहिला.

जानेवारीत त्या भागात पोलिसांपुढून पळणाऱ्यांचे काय झाले होते हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी मला पुढे सांगितले, “पाठीत गोळी शिरेल असं प्रत्येक पावलाला वाटत होतं. आणि यमन ऐकू येत होता. तो इतका सुंदर मी कधी ऐकला नव्हता. गंधारावर ती थांबली की मला बरं वाटे, कारण गत अजून संपायची होती.”

मी पुढच्या रांगेत बसलो होतो. मला यातले काही माहीत नव्हते. हॉलमध्ये खोकलाही ऐकू येत नव्हता. गत द्रुतात गेली, शेवटची तिहाई आली आणि सूर लांबवत नलूने मान वर केली. डाव्या हाताची कांडी तारांवर होती. उजवा हात तिने मायक्रोफोनकडे नेला. त्याच वेळी तो लांबवलेला सूर, कोणी गळा दाबत जावे तसा, खाली खाली गेला आणि विझला. नलूने मायक्रोफोन धरला. ती काहीतरी बोलली. मग तिने वळून मागे पाहिले.

पडद्यामागे शिपायाची लाठी चिंतामणरावांच्या खांद्यावर बसली होती आणि ते बोर्डाखाली गुडघ्यांवर पडले होते. प्लग त्यांच्या मुठीत होता.

त्यांना चौकीवर नेले. फौजदाराने बोटांचा वास घेतला, कुंकूच आहे याची खात्री करून घेतली, कोट परत दिला आणि समज देऊन सोडले. मी सोबत होतो. समारंभ मोडला होता. आम्ही परतलो तेव्हा आमच्या इमारतीच्या जिन्यात अण्णा वेलकर आणि आणखी चौघेजण उभे होते.

“काय मानकर! फौजदार बघून हात आपोआप प्लगवर गेला काय?”

“अहो, सरकारी नोकर तो. मुलीचं गाणं गेलं तरी चालेल, पेन्शन जाता कामा नये.”

मी उत्तर द्यायला वळलो, तर चिंतामणरावांनी माझा हात दाबला. वर नलू दारात उभी होती.

“भाऊ, खरं सांगा. पोलिसांनी बंद करायला सांगितलं?”

“नाही.”

“मग तुम्हीच बंद केलंत? इतके भिता तुम्ही?”

“हो,” ते म्हणाले. “भितो.”

ती आत गेली. लीलावहिनींनी खांद्यावर हळदीचा लेप लावायला घेतला. तेव्हा चिंतामणरावांनी सहज विचारावे तसे विचारले, “प्लगवर एक तांबडा डाग होता. तो कुठं गेला?”

“तो होय? खरवडला मी चाकूनं. काय मेला चिकट! उद्या पोरीच्या हाताला यश यायचं, वस्तू कशी लख्ख नको? कुंकू लावलं हो मी आठवणीनं, त्यालासुद्धा.”

“बरं केलंस,” चिंतामणराव म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. वहिनींना वाटले, खांद्याच्या ठणक्यामुळे.

खरा प्रकार त्यांनी सांगितला तो फक्त मला, आणि नागपूरहून परतलेल्या सीतारामना. सीताराम ऐकताच उठून दाराकडे निघाले.

“भाऊ, हे वाडीला सांगा. आत्ताच्या आत्ता. लोक तुमच्यावर हसतायत.”

“लोकांना सांगितलं की लीलेला कळेल. तिनं मुलीसाठी देवाकडे मागणं मागितलं, आणि त्याच हातानं… ती पुन्हा देवापुढं हात जोडायची नाही सीताराम. हात बघत बसेल.”

“आनि पोरगी तुम्हाला घाबरट समजते, त्याचं?”

“ते तर खरंच आहे.”

त्यानंतर दोघांनी मिळून तो काढून टाकलेला ट्रान्स्फॉर्मर एका निराळ्या लाकडी पेटीत बसवला आणि लांब तारेने, गिटारपासून दूर ठेवला. भुंगा नाहीसा झाला. आवाज तसाच गोड राहिला. पिना कशाही खोचल्या तरी आता भय नव्हते. हे आधी का सुचले नाही, याचा विचार चिंतामणराव शेवटपर्यंत करीत. परंतु नलूने त्यानंतर रंगमंचावर वाजवले नाही. १९५८ साली लग्न होऊन ती दादरला गेली. महाराष्ट्र राज्य झाले त्या दिवशी वाडीने तिला आग्रहाचे बोलावणे केले, तेव्हा तिने “भाऊंना त्रास नको” एवढाच निरोप पाठवला. वाडीत चिंतामणरावांचे नाव “प्लग मानकर” असे पडले होते आणि ते त्या नावाला ओ देत.

मृत्यूपूर्वी त्यांनी मला सांगून ठेवले होते की, लीला आहे तोवर बोलू नका. नंतर तुमच्या मर्जीला येईल तसे करा. लीलावहिनी १९८७ साली गेल्या. त्यांचे दिवसकार्य आटोपल्यावर मी दादरला जाऊन नलूला सर्व हकिकत सांगितली. ती उजव्या हाताची बोटे डाव्या हाताने चोळू लागली.

“आईला शेवटपर्यंत कळलं नाही ना?”

“नाही.”

“मी भाऊंशी त्या दिवसापासून नीट बोलले नाही हो. लग्नात वाकून नमस्कार केला, तोसुद्धा तोंडदेखला.”

 मग तिने एक गोष्ट मागितली. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत १९५६ च्या दसऱ्याविषयी असे छापले आहे की, पोलीस आल्यामुळे श्री. मानकर यांनी घाबरून कार्यक्रम बंद पाडला. ते वाक्य दुरुस्त व्हावे, अशी तिची इच्छा होती. तिच्या सहीचे आणि माझ्या सहीचे पत्र मी मंडळाला दिले. नव्या चिटणीसांनी ते आदराने वाचले आणि विचारले, “पण आजोबा, पोलीस आले होते, हे खरं ना? ते घाबरले होते, हेही खरं ना? मग चूक काय ती सांगा.” म्हणून ही हकिकत क्रमवार लिहून मंडळाकडे देत आहे. सीताराम गमरे हयात नाहीत. त्यांची साक्ष मिळणार नाही. दादरला ही हकिकत ऐकली त्या दिवशी नलूने ती यमनची गत माझ्यासमोर वाजवली. शेवटचा सूर तिने पुरा होऊ दिला नाही. हात तारांवर ठेवून तो मध्येच थांबवला आणि ती आत चहा टाकायला गेली. स्मरणिकेतील वाक्याची दुरुस्ती अद्याप झालेली नाही.